झटक्यात निघणारा बूट

आचाऱ्याच्या कपड्यांबद्दल कुणी फॅशनच्या गोष्टी करायला लागलं की माझं डोकं फिरतं. आमच्या मालकीणबाईंनी नेमकं तेच केलं. हॉटेल दुरुस्तीसाठी बंद होतं. भटारखान्याची जुनी खडबडीत फरशी उखडून नवी गुळगुळीत बसवत होते, आणि गिऱ्हाइकांच्या बाजूची भिंत पाडून तिथे काच येणार होती. म्हणजे आता आम्ही सगळ्यांना दिसणार. बाईंनी मला बाहेरच्या टेबलाशी बसवलं आणि एक चकचकीत पुस्तक पुढे सरकवलं. पानापानावर आचारी उभे. काळे घट्ट कोट, सोनेरी बटणं, अर्ध्या बाह्या, पायात पांढरे कापडी बूट. ही मंडळी कधी आगीजवळ गेली असतील तर मी मिशी उतरवून देईन.

"कसे वाटतात, वस्ताद?" बाईंनी विचारलं.

"नवरदेव वाटतात," मी म्हटलं. "मांडवात उभे करा. चुलीपाशी नकोत."

बाई हसल्या. बाई मनाने चांगल्या आहेत, फक्त त्यांना भटारखाना जेवणाच्या बाजूने माहीत आहे. मग मी एकेक सांगत गेलो. हे जे चमकतंय ते कापड आगीत वितळतं आणि कातडीला चिकटतं, त्यामुळे कापड जाड सुतीच हवं. बाही मनगटापर्यंत हवी. छातीवर कापड दुहेरी हवं, म्हणजे उडालेलं तेल वरच्या थरात अडकतं. आणि त्या कापडी बुटांतून तर चहासुद्धा आरपार जाईल, तेलाची गोष्टच सोडा.

"म्हणजे दिसायला बरं काहीच नको?"

"दिसायला जेवण बरं हवं, बाई. आम्हाला कोण बघतंय?"

"काचेतून सगळेच बघतील." मग त्यांनी पुस्तक मिटलं. "बरं, तुम्हीच निवडा. कपडे, बूट, सगळ्यांसाठी. पण वस्ताद, धाकटीचं काय ते एकदा सांगा. हॉटेल उघडेल त्या दिवशी ती कढईवर असेल तर जागा तिचीच. नसेल तर मला दुसरा माणूस बघायला हवा. गल्ल्यावर बसते म्हणाली तर गल्ला तिला देईन, पण कढई रिकामी नाही ठेवता येणार."

बाईंचं बरोबरच होतं. मी नुसती मान हलवली आणि घरी आलो.

धाकटी म्हणजे माझी सख्खी बहीण. या धंद्यात तिला मीच आणलं, आणि कानामागून आली नि तिखट झाली. तळणीत तिचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही. तेल तापलं की नाही हे आम्ही तुकडा टाकून बघतो, ती नुसती पाठमोरी उभी राहून सांगते. बटाट्याचे काप असोत की मासा, तिच्या हातचं बाहेरून कुरकुरीत आणि आतून लोण्यासारखं. माझ्याशी भांडते भरपूर. मी भटारखान्याचा मुख्य, पण कढईच्या आसपास हाताच्या अंतरात आलो तरी म्हणते, "दादा, तुझ्या राज्यात जा."

हिवाळ्यात कढईतलं तेल पुरतं निवायच्या आत डब्यात गाळून भरत होती. घाईच होती तशी. डबा कलंडला आणि तेल डाव्या पायावर आलं. बुटाच्या तोंडातून आत गेलं. घोट्यापासून बोटांपर्यंत पाय पोळला. पुढचे बरेच दिवस मलमपट्टी, उशीवर पाय, आमच्या हिच्या हातचं जेवण, असं चाललं. तिचा नवरा लांबच्या फेऱ्यांचा ट्रक चालवतो, त्यामुळे ती राहते आमच्याच खालच्या दोन खोल्यांत. पाय बरा झाला. डॉक्टरांनी दाबून पाहिला, वळवून पाहिला आणि म्हणाले, आता खुशाल कामाला लागा.

ती लागली नाही. रोज म्हणायची, "जाईन ना." सकाळी तयार व्हायची, बूट घालायला बसायची, आणि थोड्या वेळाने वर येऊन आमच्या हिच्याबरोबर वाटाणे सोलायला लागायची. कढई माझ्या गळ्यात पडली. मी चांगला आचारी आहे, हे मीच कशाला सांगू, पण तळण हा माझा प्रांत नाही. माझे बटाटे बाहेरून काळे आणि आतून कच्चे. एकदा एका गिऱ्हाइकाने ताट परत पाठवलं आणि निरोप दिला की पूर्वी तळायचे त्यांनाच तळू द्या. मी तो निरोप घरी सांगितला. धाकटी हसली आणि मग म्हणाली, "मी गल्ल्यावर बसेन म्हणते." त्या रात्री मला जेवण गेलं नाही. गल्ल्यावर कुणीही बसतं.

तर आता माझ्या डोक्यात एकच. असे कपडे आणि असे बूट आणायचे की धाकटीच्या मनातली भीती पळून जावी. तिला असं काही घालायचं की तेलाचा थेंब आत जाता कामा नये. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, हे मला समजत होतं. मग ताक गारच आहे हे तिला दाखवून द्यायचं, एवढंच.

कापडाच्या दुकानातून नमुन्याचे तुकडे आणले आणि घरच्या शेगडीवर एकेकाचा धागा जाळून बघायला बसलो. सुती धाग्याची राख होते, ती बोटाने चुरता येते. बनावट धाग्याचा वितळून काळा कडक मणी होतो. दुकानदाराने ज्याच्याबद्दल शुद्ध सुती म्हणून शपथ घेतली होती त्या तुकड्याचाही मणीच झाला.

"अहो, इथे चहा ठेवायचाय," आमची ही म्हणाली. "घरभर घाण वास सुटलाय."

"धाकटी, हे बघ," मी म्हटलं. "हे राख झालं ते आपलं. हे मणी झालं ते घातलं असतं तर..."

धाकटीने त्या मण्याकडे पाहिलं आणि खाली निघून गेली. आमच्या हिने शेगडी माझ्यासमोरून ओढून घेतली.

"तिला एकदा विचारा तरी," ती म्हणाली. "ज्याचं जळतं त्याला कळतं."

"विचारायचं काय त्यात? आयुष्य गेलं माझं भटारखान्यात."

"तुमचं गेलं. तिचा पाय गेला होता."

बायकोशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून मी चहा प्यायलो.

बूट घ्यायला मी सगळ्यांना घेऊन गेलो. सगळे म्हणजे आम्ही चौघं. भाजी चिरणारा लंबू, भांडी घासणाऱ्या मावशी, धाकटी आणि मी. लंबू इतका उंच की त्याच्या मापाचा कोट अजून कुणाच्या हातून शिवून झालेला नाही. मावशी दिवसभर पाण्यात उभ्या, त्यामुळे त्यांच्या टाचांना भेगा. बूट सकाळी घ्यायचे नसतात, हे मी सगळ्यांना बजावलं होतं. दिवसभर उभं राहणाऱ्याचा पाय संध्याकाळी फुगतो. सकाळी नेमका बसलेला बूट संध्याकाळी चावायला लागतो, आणि आमची खरी गर्दी तर संध्याकाळीच. पण हॉटेल बंद, सगळ्यांचे पाय आरामात. म्हणून मी त्यांना चालत नेलं, तेही लांबच्या रस्त्याने, बाजाराला वळसा घालून.

"वस्ताद, दुकान तर घराच्या मागे आहे," लंबू म्हणाला.

"पाय फुगू दे."

"माझे फुगले."

"अजून फुगू दे."

धाकटी मागून मावशींबरोबर येत होती. आली होती हेच नशीब. मावशींनी काय सांगून तिला बाहेर काढलं, मावशीच जाणोत.

दुकानदार चष्मेवाला, सोशिक माणूस निघाला. कोणत्या रंगात दाखवू म्हणाला. मी म्हटलं, रंग राहू द्या, आधी तुमची फरशी दाखवा. पिशवीतून मी तेलाची बाटली काढली, दाराजवळच्या फरशीवर थोडं ओतलं, त्यावर साबणाचं पाणी शिंपडलं. आमच्या नव्या फरशीवर गर्दीच्या वेळी हेच होणार होतं.

"अहो, हे काय करताय? गिऱ्हाईक पडेल इथे."

"म्हणूनच तर," मी म्हटलं. "लंबू, चल."

दुकानात सगळ्यात जास्त खपणारा बूट घालून लंबू त्या तेलावर उभा राहिला आणि उभ्याचा आडवा झाला. जाता जाता त्याने एक फळी धरली, तिच्यावरचे खोके त्याच्या अंगावर आले. दुसरा बूट जरा बरा, तिसरा नुसता दिखाऊ. दुकानदाराने आधी कपाळाला हात लावला, मग हळूहळू त्यालाही चव आली आणि तो स्वतःच म्हणायला लागला, थांबा, या तळाचा बघू काय होतो. शेवटी त्याने एक जोड काढला, तो बघूनच मी खूश झालो. जाड कातडं, अर्ध्या नडगीपर्यंत उंच, रबराच्या तळाला बारीक खोल नक्षी. जीभ दोन्ही बाजूंनी शिवलेली, त्यामुळे आत शिरायला फटच नाही. तेलावर लंबू त्यात खांबासारखा उभा राहिला.

"यात तेलाचा बाप शिरणार नाही," मी म्हटलं. "धाकटी, बस इथे."

ती बसली. मी खाली बसलो आणि स्वतःच्या हाताने तिच्या पायात तो बूट चढवला. नाड्या खालपासून वरपर्यंत ओढून घेतल्या, वर दुहेरी गाठ मारली, टोकं आत खोचली. काही सुटं राहायला नको.

"चालून बघ."

ती आरशापर्यंत गेली. आरशासमोर उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, दादा, ठीक आहे. ती वळली तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता.

"काढ," ती म्हणाली.

"अगं, नवा आहे. जरा पाय बसू दे त्यात."

"दादा, काढ."

ती तिथेच जमिनीवर बसली आणि दोन्ही हातांनी नाड्या ओढायला लागली. ओढल्याने गाठ आणखी आवळली. मी धावलो, गाठ सोडवायला लागलो. आचाऱ्याची नखं कापलेली असतात, गाठीत बोट शिरेना. ती भराभर श्वास घेत होती. मावशींनी गल्ल्यावरची कात्री उचलली, मला बाजूला सारलं आणि वरपासून खालपर्यंत नाड्या कापून काढल्या. बूट निघाला. दुकानदाराने कोऱ्या बुटाची झालेली दशा पाहिली आणि त्याबद्दल एक शब्द न काढता आतून पाणी घेऊन आला. भला माणूस.

धाकटी पाणी प्यायली. आता गप्प बसावं की नाही मी? पण उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

"अगं वेडे, याच्यात तेल जाणारच नाही. घाबरतेस कशाला?"

तिने पेला खाली ठेवला. पाय पोळल्यापासून ती माझ्यावर एकदाही चिडली नव्हती. आता चिडली.

"तेल जातंच, दादा. आज नाही तर उद्या. वरून नाही तर शिवणीतून. कढईवर मी उभी असते, मला विचार. तू इतके दिवस एकच सांगतोस, हे आत जाणार नाही, ते आत जाणार नाही. मी तेलाला घाबरले असते तर पहिल्याच वर्षी पळाले असते. हे बघ," आणि तिने बाही वर करून हातावरचे बारीक डाग दाखवले, "याला मी कधी रडले का?"

"नाही."

"त्या दिवशी तेल पडलं तेव्हाही मी ओरडले नाही. तू धावत आलास, खाली बसलास आणि गाठ सोडवायला लागलास. नाडी तेलाने भिजलेली, गाठ आवळलेली. तू सोडवतोयस, मी वरून बघतेय, आत पाय भाजतोय आणि बूट निघत नाही. सकाळी बूट घालायला बसले की मला तेच दिसतं. तेल नाही दिसत. तुझी बोटं दिसतात."

मी माझ्या बोटांकडे पाहिलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं. मी आपला समजत होतो की धावत गेलो तो पहिला मीच. ते खोटं नव्हतं. पण तिने ते वरून पाहिलं होतं, आणि वरून ते काय दिसलं असेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"मला तेल शिरणार नाही असला बूट नको," ती म्हणाली. "मला झटक्यात निघणारा बूट दे. मग तेल पडू दे खुशाल."

लंबूने उगाच एक खोका उचलून परत तिथेच ठेवला. मला वाईट वाटत होतं आणि त्याच्याच पोटात बरंही वाटत होतं. इतके दिवस मी अंधारात लाठ्या मारत होतो. आता निदान कळलं की काय हवंय.

"मग ऊठ," मी म्हटलं. "आणि तूच निवड. मी तोंड उघडलं तर ही कात्री आहेच."

ती उठली. डोळे पुसले आणि अनवाणीच फळीपाशी गेली. दिसेल तो बिननाडीचा बूट पायात घालायची, दोन पावलं टाकायची आणि पाय झटकायची. पहिला टाचेला अडकला. तो बाद. दुसरा सुटला तो थेट दुकानदाराच्या जेवणाच्या डब्यावर जाऊन आदळला. लंबूला हसू आवरेना.

"हा चांगला की वाईट?" दुकानदाराने डबा सरळ करत विचारलं.

"निघतो चांगला," धाकटी म्हणाली, "पण राहत नाही."

आता खरी मेख कळली. जो बूट झटकल्यावर निघतो, तो चालतानाही निघतो. लंबूने तसला एक घातला आणि चार पावलांत बूट मागे, लंबू पुढे. भरलेलं पातेलं घेऊन चालताना असं झालं म्हणजे आगीतून फुफाट्यात. बूट चालताना पायाला धरून राहायला हवा आणि सांगितलं की लगेच सोडायला हवा. असं तर माणसंही वागत नाहीत, मावशी म्हणाल्या.

दुकानदार विचार करत उभा होता. मग शिडी लावून माळ्यावर चढला आणि धुळीने भरलेले खोके खाली द्यायला लागला. दवाखान्यात दिवसभर उभं राहणाऱ्यांसाठी त्याने कधीतरी मागवले होते. दिसायला बेढब म्हणून कुणी घेतले नाहीत. खरंच बेढब होते. पुढून बदकाच्या चोचीसारखे रुंद, बोटांवर आणि पायाच्या चढावर पूर्ण बंद, मागे टाचेला बोटभर उंच कड, नाडी नाही, पट्टा नाही. कातडं असं की पुसलं की स्वच्छ.

मी तळाखाली तेल ओतलं. धाकटी उभी राहिली. घसरली नाही. चालली, वळली, खाली बसून उठली, शिडीच्या दोन पायऱ्या चढून उतरली. बूट जागच्या जागी. मग तिने दुसऱ्या पायाच्या टोकाने टाचेची कड दाबली आणि पाय झटकला. बूट निघून बाजूला पडला. तिने परत घातला, परत झटकला. परत घातला. कितीतरी वेळा. मी मोडता घातला नाही. शेवटी शेवटी तर डोळे मिटून करायला लागली आणि दर वेळी बूट निघाला की तिच्या तोंडावर जरासं हसू यायचं. किती दिवसांनी दिसत होतं ते.

"मोजे जाड घे," मी हळूच म्हटलं. "म्हणजे चालताना भरून बसेल."

"हे बरोबर बोललास," ती म्हणाली.

मावशींनाही तसलाच जोड घेतला. दुकानदार त्यांच्या पायाशी बसून माप बघत होता, तर मावशी म्हणाल्या, "लग्नातसुद्धा माझ्या पायांकडे कुणी एवढं बघितलं नव्हतं." लंबूच्या मापाचा जोड माळ्यावर अगदी मागे, भिंतीला लागून सापडला. घरी आम्ही जवळच्या रस्त्याने आलो.

दुसऱ्या दिवशी धाकटी आपणहून वर आली आणि म्हणाली, शिंप्याकडे मीही येते. तिथे गेल्यावर माझ्या कपड्यांची तिने पार दाणादाण उडवली. मी पक्की बटणं आणि घट्ट काजं सांगितली होती. तिने टिचबटणं सांगितली, वरपासून खालपर्यंत. दोन्ही हातांनी धरून ओढलं की अख्खा कोट एका दमात उघडला पाहिजे. पुढे घालायचा अॅप्रन आम्ही एकमेकांचा पाठीमागे बांधून द्यायचो, घट्ट गाठ मारून. आमची जुनी पद्धत, त्यात एक आपुलकीही होती. तिने बंद लांब करायला लावले, म्हणजे कमरेला वेढा घालून पुढे बांधता येतील, आणि एक टोक ओढलं की सुटतील. विजारीचा पाय बुटात खोचायचा नाही, बुटावरून मोकळा सोडायचा, म्हणजे सांडलेलं बाहेरून ओघळेल.

"ताई," शिंपी म्हणाला, "हे कपडे घालायचे आहेत की काढायचे?"

"दोन्ही," धाकटी म्हणाली.

माप घेताना आम्ही सगळे छाती पुढे काढून, पोट आत ओढून उभे होतो. शिंपीही तसंच माप घेत होता. तिने आम्हाला पातेलं उचलल्यासारखे हात पुढे करायला लावले, वाकायला लावलं, आणि लंबूच्या बाह्या लांब झाल्या. मी या सगळ्यात एका कोपऱ्यात स्टुलावर बसून होतो. कुणी मला काही विचारत नव्हतं. मजेत होतो मी.

पण ती कढईवर उभी राहील की नाही, हे मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. बूट झटकणं वेगळं आणि तापलेल्या तेलासमोर उभं राहणं वेगळं.

हॉटेल उघडायच्या दिवशी मी भल्या सकाळी भटारखान्यात गेलो. नवी फरशी, नवी काच, सगळं लखलखीत. लंबू आला, मावशी आल्या. काचेपलीकडून मालकीणबाईंनी आम्हाला पाहिलं आणि आत येऊन म्हणाल्या, "वस्ताद, गाठोडी दिसताय सगळे." मग मावशींना म्हणाल्या, "बूट मऊ आहेत का हो? मलाही एक जोड हवा होता."

धाकटी शेवटी आली. नव्या कपड्यांत, डोक्याला रुमाल बांधलेला. दारात उभी राहिली. आग अजून पेटवलेली नव्हती.

"आधी सगळ्यांनी एकदा काढून दाखवा," ती म्हणाली.

"काय काढून?"

"सगळं. कोट, अॅप्रन, बूट. मी 'तेल' म्हटलं की."

तिने 'तेल' म्हटलं. लंबूने कोट असा फाडला की टिचबटणं फटाफट उघडली, मावशींचा एक बूट सिंककडे गेला, माझ्या अॅप्रनचं टोक चुकीचं ओढलं गेलं तर तिने परत करायला लावलं. आत सगळ्यांनी सदरे घातले होते म्हणून बरं. परत बाहेर गेलेल्या मालकीणबाई काचेपलीकडून धावत आल्या. त्यांना वाटलं, आम्ही सगळे एकदम नोकरी सोडून निघालो.

मग कपडे परत चढवले आणि आग पेटवली. मी माझं सुपाचं मोठं पातेलं चढवलं. धाकटी कढईपाशी गेली. तेल ओतलं, तापू दिलं. काचेपलीकडे पहिली गिऱ्हाइकं येऊन बसली. बटाट्याच्या कापांची परात तिच्या हातात होती. तेल तयार झालं हे आता मलाही कळत होतं, आणि ती तशीच उभी होती.

मी जवळ गेलो. "मी सोडू का पहिला घाणा?"

"नको," ती म्हणाली. "तू मागे सर. मला पाय झटकायला जागा लागेल."

मी मागे सरलो. भिंतीला पाठ टेकेपर्यंत सरलो. लंबूची सुरी थांबली होती, मावशींचा नळ बंद होता. धाकटीने परात कडेला टेकवली आणि काप हळूच तेलात सोडले. कढई भरून चर्र झालं. एक थेंब उडाला आणि तिच्या डाव्या बुटावर, बरोबर पायाच्या चढावर पडला. आम्ही सगळ्यांनी तो पाहिला. तिनेही पाहिला. तिची डावी टाच वर आली, उजव्या बुटाचं टोक त्या कडेपाशी गेलं.

टाच परत खाली गेली. तिने झारा उचलला आणि काप उलटले.

माझे डोळे भरून आले, लपवायचं काय त्यात. मी तिथेच भिंतीशी उभा राहिलो आणि तिच्या पायाकडे बघत राहिलो. दुसरा घाणा पडला, तिसरा पडला. तिच्या पायाची बोटं त्या बेढब बुटात आता निवांत असतील, असा विचार करत मी किती वेळ उभा होतो कुणास ठाऊक.

"दादा," ती न वळता म्हणाली, "तुझं पातेलं लागतंय."

मी धावलो. खरंच लागलं होतं, चांगलं तळाशी करपलं होतं. वास काचेपलीकडे पोहोचला असावा, कारण मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"वस्ताद, हे करपलं कुणाचं?"

ते बटाटे सोडले तर त्या भटारखान्यात माझ्या हातून आजवर काही करपलं नव्हतं, आणि दुसऱ्या कुणाचं करपलं की मी त्याला दिवसभर सोडत नसे.

"माझं," मी छाती काढून म्हटलं.